सी ड्राइव्ह घराघरात पोहोचला, पण गॅरी किल्डॉलचं नाव मागेच राहिलं

विंडोजचा कॉम्प्युटर सुरू केला की समोर सी ड्राइव्ह दिसतो. मग ए आणि बी कुठे गेले? ती दोन अक्षरं एकेकाळी फ्लॉपीसाठी होती. ड्राइव्हला अक्षर देण्याची ही पद्धत विंडोजकडे डॉसमधून आली आणि डॉसनं ती सीपी/एम नावाच्या सिस्टीमकडून उचलली. ती सीपी/एम लिहिणारा माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. त्याला व्हायचं होतं गणिताचा शिक्षक, पण वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटरची गोडी लागली. पुढे नौदलाची सक्तीची सेवा त्यानं कॅलिफोर्नियात माँटेरी इथं, नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवून पूर्ण केली.

तिथून इंटेल फार लांब नव्हतं. गॅरी तिथं सल्लागार म्हणून जाऊ लागला आणि त्यानं इंटेलच्या चिपसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. मग त्याच्या हाती एक फ्लॉपी ड्राइव्ह आला, पण तो चिपला जोडायचा कसा, हे जमेना. शेवटी जॉन टोरोड या मित्रानं जोडणीचं सर्किट बनवलं आणि १९७४ मध्ये सीपी/एम चालू झालं. इंटेलला त्यात फारसा रस नव्हता. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. तिचं नाव पुढे डिजिटल रिसर्च झालं.

गॅरीची खरी कमाल इथं आहे. तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं असायचं. त्यानं मशीनशी थेट बोलणारा छोटा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवीन मशीन आलं की फक्त तेवढाच भाग बदलायचा, बाकी सगळं तसंच. त्यामुळे एकच प्रोग्राम ऑस्बॉर्नवर चालायचा आणि केप्रोवरही.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं दारात आली. गॅरी त्या दिवशी विमान उडवत बसला आणि अब्जावधी घालवले, ही गोष्ट खूप फिरते. तो कामासाठीच विमानानं गेला होता. गोपनीयतेच्या करारावर सही करायला डोरोथीनं नकार दिला होता. पुढे नेमकं काय घडलं, याबाबत दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. आयबीएमनं मायक्रोसॉफ्टकडून डॉस घेतलं. नंतर सीपी/एमही विक्रीला ठेवलं, पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला! गिऱ्हाईक कुठे गेलं असेल, हे सांगायला नको.

गॅरी थांबला नाही. त्यानं सीडी-रॉमवर ज्ञानकोश आणला, टीव्हीवर कॉम्प्युटरचा कार्यक्रम केला. १९९१ मध्ये नोव्हेलनं त्याची कंपनी विकत घेतली. जुलै १९९४ मध्ये माँटेरीत पडून डोक्याला मार लागला आणि ५२ व्या वर्षी तो गेला.

मग त्याच्या कामाचं काय झालं? कंपन्या विकल्या गेल्या, हक्क या हातातून त्या हातात गेले. सीपी/एम विकणारं कुणी उरलं नाही, पण कायद्यानं ते मोकळंही नव्हतं. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर दरवर्षी खराब होत होता. त्यात प्रत्येक कंपनीची फ्लॉपीवर लिहिण्याची पद्धत निराळी, म्हणजे केप्रोची फ्लॉपी ऑस्बॉर्नला सहसा वाचता यायची नाही. हौशी लोकांनी या फ्लॉपी गोळा केल्या, त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि कुठली आवृत्ती कुठल्या मशीनची, याच्या नोंदी केल्या.

२००१ मध्ये तेव्हाची हक्कदार कंपनी लिनिओनं सीपी/एम वाटायला परवानगी दिली. पण ती नक्की कुणाला, हे संदिग्ध राहिलं. २०२२ मध्ये ब्रायन स्पार्क्स यांनी खुलासा केला आणि ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी २०१४ मध्ये, सीपी/एमच्या चाळिशीला, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड लोकांपुढे ठेवला. २०१६ मध्ये गॅरीच्या अप्रकाशित आठवणींचा काही भागही त्याच्या मुलांच्या संमतीनं तिथूनच बाहेर आला.

गॅरीची ओळख बरीच वर्षं विमानाच्या त्या एका किश्श्यापुरतीच उरली होती. आज कुणालाही त्याचा कोड उघडून बघता येतो. बाजारात हरलेल्या माणसानं काय घडवलं होतं ते तिथं ओळीओळीत दिसतं, कारण कुणीतरी त्या फ्लॉपी रद्दीत जाऊ दिल्या नाहीत.