क्लाउदियो मोंतेवेर्दी : दरबारी संगीतकार व धर्मगुरु

इटलींतील क्रेमोना शहरीं, १५ मे १५६७ रोजीं, क्लाउदियो मोंतेवेर्दी यांचा बाप्तिस्मा झाला. वडील वैद्यकी करीत. तेथील कॅथीड्रलचे संगीताध्यक्ष इंजेन्येरी यांजपाशीं शिकून ते मांतुआच्या ड्यूकांच्या दरबारीं तंतुवाद्य वाजविण्यास राहिले, व १६०१ मध्यें दरबारी संगीताचे प्रमुख झाले.

ही चाकरी मानाची खरी, पण वेतन वेळेवर हातीं येत नसे. १६०७ च्या आरंभीं त्यांचें ‘ओर्फेओ’ हें संगीतनाटक दरबारांत झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांची पत्नी क्लाउदिया, जी स्वतः दरबारची गायिका होती, लहान मुलें मागें ठेवून वारली. दुःख ओसरण्यापूर्वींच राजपुत्राच्या विवाहासाठीं ‘आरिआना’ रचण्याचें फर्मान आलें. मुख्य भूमिका करणारी, त्यांच्याच घरीं राहून शिकलेली तरुण गायिका देवी येऊन मरण पावली. तरीहि १६०८ मध्यें प्रयोग झालाच. त्या संगीतापैकीं आज नायिकेचा विलाप तेवढा उरला आहे.

‘ओर्फेओ’ मात्र १६०९ मध्यें व्हेनिस येथें छापलें गेलें म्हणून वांचलें. त्या काळीं स्वरलेखन म्हणजे निव्वळ सांगाडा असे. गाण्याखालीं खर्जाचे सूर तेवढे लिहीत. वरची भर हार्पसिकॉर्ड किंवा लांब मानेचें ल्यूट वाजविणारा स्वतःच घाली. आपल्या गवयाच्या ताना जशा कागदावर नसतात, तशाच तेथील गायकाच्याहि नसत. मोंतेवेर्दींनीं मात्र कोणत्या प्रसंगीं कोणतीं वाद्यें वाजलीं हें बऱ्याच ठिकाणीं नोंदवून ठेविलें. पाताळाच्या दृश्यांत ट्राँबोन. नावाडी कारोन याच्या गाण्यास रीगल, म्हणजे खरखरीत आवाजाची लहान पेटी. आणि ओर्फेओ त्या नावाड्यास विनवितो तें गाणें तर दुहेरी छापलें : एक ओळ साधी, दुसरी ताना-मुरक्यांसह. जुन्या गायकीचा शोध घेणारांस हीं थोडीं पानें कित्येक ग्रंथांहून मोलाचीं वाटतात, यांत नवल नाहीं.

१६१० मध्यें पवित्र कुमारी मरियेच्या सांजप्रार्थनेचें संगीत पोप पांचवे पौल यांस अर्पण करून ते रोमला गेले. मुलास सेमिनरींत जागा मिळावी ही आशा होती. ती फळली नाहीं. १६१२ मध्यें नव्या ड्यूकानें त्यांस काढून टाकिलें. वीसांहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर गांठीं उरले सुमारें २५ स्कुदी! पुढील वर्षीं व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरानें ३०० डुकाट वार्षिक वेतनावर त्यांस संगीताध्यक्ष नेमिलें. तिकडे जातांना वाटेंत चोरांनीं लुटलें, तेंहि त्यांनीं सोसलें.

१६३० मध्यें सम्राटाच्या सैन्यानें मांतुआ लुटलें. त्यांचीं कित्येक हस्तलिखितें त्यांत गेलीं असें मानितात. १६३२ मध्यें त्यांनीं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, आणि २९ नोव्हेंबर १६४३ रोजीं ते निवर्तले. फ्रारी मंदिरांत त्यांची समाधि आहे.

पुढें ‘ओर्फेओ’ सुमारें अडीच शतकें मूक राहिलें. १९०४ मध्यें पॅरिस येथें व्हेंसां दँदी यांनीं तें कांटछांट करून ऐकविलें. १९५४ मध्यें व्हिएन्ना येथें हिंदेमित यांनीं जुन्या घडणीचीं वाद्यें जमविलीं, आणि १६०७ मध्यें तें जसें वाजलें असेल तसें वाजविण्याचा यत्न केला.