स्वामी कुवलयानंद

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट पायी चढताना लवकरच दम लागतो. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागते. असे का होते?

मेहनत करताना स्नायूंमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू जास्त तयार होतो. तो रक्तातील पाण्यात मिसळला की आम्ल बनते. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढाच असतो. तो फार ढळला तर जिवाला धोका असतो. म्हणून मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. जादा वायू उच्छ्वासावाटे बाहेर पडतो आणि रक्तातील आम्ल वाढत नाही. श्वास रोखून धरला की हा वायू साठतो, म्हणूनच थोड्या वेळात जीव कासावीस होतो.

याच श्वासाचे मोजमाप करणारे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला.  गरिबीत दिवस काढूनही त्यांनी अभ्यास सोडला नाही. बडोद्याला प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले. पुढे त्यांनी अमळनेर येथे अध्यापन केले. माधवदासजी हे त्यांचे योगविद्येतील गुरू. गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. तेथे प्रयोगशाळा उभारली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ऑक्सिजन मिळतो, असा लोकांचा समज होता. स्वामीजींचे प्राणायामावर मनापासून प्रेम होते. तरीही त्यांनी हा समज तसाच मान्य केला नाही. माणसाने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, हे त्यांनी मोजून पाहिले. त्या मोजमापांत हा समज खरा ठरला नाही. प्राणायामाचा लाभ जास्त ऑक्सिजन मिळण्यात नसून दुसरीकडे शोधायला हवा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

आपल्या आवडत्या गोष्टीबद्दलही खरे तेच सांगायला धैर्य लागते. ते धैर्य या शिक्षकाजवळ होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, घाट चढताना दम लागला की क्षणभर थांबा आणि आपला श्वास मोजा. ऐकलेली गोष्ट पडताळून पाहण्याची सुरुवात अशीच होते.