जॉन ॲलन

जॉन व्हिटबी ॲलन (२ जुलै १९१३, जॉप्लिन, मिसूरी, अमेरिका – ६ जानेवारी १९७३, माँटेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन छायाचित्रकार आणि प्रतिकृती रेल्वेचे निर्माते होते. माँटेरे येथील घराच्या तळघरात त्यांनी उभारलेली ‘गोरी अँड डिफीटेड’ ही काल्पनिक डोंगरी रेल्वे विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रतिकृती रेल्वेंपैकी एक मानली जाते. छोट्या इंजिनांना आणि इमारतींना काजळी, गंज, धूळ व झीज यांचे रंगकाम करून वापरलेले रूप देण्याच्या कलेला, म्हणजेच ‘वेदरिंग’ला, लोकप्रियता मिळवून देणाऱ्यांमध्ये ॲलन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

पूर्वायुष्य

ॲलन यांना लहान वयात ऱ्हुमॅटिक ताप आला. हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या या आजाराने त्यांचे हृदय कायमचे दुबळे झाले. पुढे ते कॅलिफोर्नियात आले आणि छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय झाला. लॉस एंजेलिस येथील व्यवसायातून व गुंतवणुकीतून बऱ्यापैकी आर्थिक स्थैर्य आल्यावर, वयाच्या तिशीतच ते १९४६ च्या सुमारास माँटेरे या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले. उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपल्या छोट्या रेल्वेला दिला.

छायाचित्रकाराची नजर त्यांच्या पुढील कामाला फार उपयोगी पडली. प्रकाश कोणत्या कोनातून पडतो, चकचकीत पृष्ठभाग कॅमेऱ्यात कसा खोटा दिसतो आणि काळ्या रंगात बारकावे कसे हरवतात, याचे ज्ञान त्यांना व्यवसायातूनच मिळाले होते.

गोरी अँड डिफीटेड रेल्वे

ॲलन यांनी आपल्या रेल्वेसाठी ‘एचओ’ हे प्रमाण निवडले. या प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी (१:८७) असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्यामुळे २५ मीटर लांबीचे इंजिन व टेंडर मिळून सुमारे २९ सेंटिमीटर भरतात. याच हिशेबाने प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात ८७ मिलिमीटरची ठरते. रंगाचा जाड थर किंवा जाड तारेचा कठडा सहज खटकतो, तो यामुळेच.

रेल्वेचे इंग्रजी नाव मुद्दाम विचित्र अक्षरांत लिहिलेले होते. मात्र त्याचा उच्चार केला की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघत असे. अशा शाब्दिक कोट्या या रेल्वेत जागोजागी होत्या. स्टेगोसॉरस या डायनासोराची ‘एमा’ नावाची प्रतिकृती १३ क्रमांक देऊन डबे हलवण्याच्या कामाला जुंपलेली होती.

पहिली मांडणी एका मोठ्या टेबलाएवढी होती. नंतर तिचा विस्तार झाला. १९५३ मध्ये ॲलन यांनी प्रशस्त तळघर असलेले घर घेतले आणि तेथे तिसरी व अखेरची मांडणी सुरू केली. मूळची छोटी मांडणी त्यांनी तोडून टाकली नाही, तर नव्या भव्य मांडणीत सामावून घेतली. तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे राहिले. खोल दऱ्या, लाकडी पूल, खाणी, गावे आणि बंदर यांच्या मधून पाहुण्याला चालत जाता येत असे. जागा आहे त्याहून मोठी भासावी म्हणून त्यांनी काही ठिकाणी आरसे बसवले, तर दूरच्या वस्तू मुद्दाम अधिक लहान प्रमाणात केल्या.

इंजिनांचे वेदरिंग

१९४० च्या दशकात प्रतिकृती इंजिन म्हणजे जपून हाताळायची, पुसून लख्ख ठेवायची वस्तू असा सर्वसाधारण समज होता. महागड्या किंवा महिनोन् महिने खपून केलेल्या इंजिनावर मुद्दाम मळ चढवणे अनेकांना वस्तू बिघडवण्यासारखे वाटे. ॲलन यांची दृष्टी वेगळी होती. त्यांची रेल्वे डोंगरात राबणारी, पैशाची ओढाताण असलेली कंपनी होती. तिची इंजिने नुकतीच कारखान्यातून आल्यासारखी दिसली असती, तर भोवतीचे सारे जगच खोटे ठरले असते.

वेदरिंग म्हणजे सरसकट मळ फासणे नव्हे. वाफेच्या इंजिनावरील प्रत्येक डागाला कारण असते आणि ते कारण कळल्याशिवाय डाग योग्य जागी पडत नाही. धुराड्यातून निघणारी काजळी इंजिनाच्या वरच्या पृष्ठभागांवर साचते. चिमणीखालच्या धूरपेटीचा रंग उष्णतेने जळतो, म्हणून तो भाग बॉयलरच्या काळ्या रंगाहून वेगळा, राखाडी दिसतो. शिट्टी आणि सुरक्षा झडपांजवळ वाफेतील पाणी वाळून क्षारांचे पांढुरके ओघळ उमटतात. चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडली जाते. तिच्या पेटीपासून खाली फिकट रेषा उतरतात. सिलिंडर, दट्ट्याचे दांडे आणि चाकांचे सांधे वंगणाने ओलसर चमकतात व त्यावर धूळ चिकटते. चाकांच्या आसपास खडीची धूळ आणि ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची तांबूस पूड बसते. टेंडरवर पाणी भरण्याच्या झाकणाभोवती सांडलेल्या पाण्याचे डाग असतात, तर कोळशाच्या कप्प्याच्या कडांचा रंग खरवडलेला असतो.

असे रूप देण्यासाठी फारशा महागड्या साधनांची गरज नसते. पातळ केलेला रंग कुंचल्याने लावला की तो खाचाखोचांत उतरतो आणि रिव्हेट व पत्र्यांचे जोड उठून दिसतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर फिका रंग घेऊन तो हलकेच फिरवला की कडा उजळतात. रंगीत खडूची पूड मऊ कुंचल्याने चोळून काजळी आणि धूळ दाखवता येते. पूड टिकावी म्हणून वर निस्तेज रोगणाचा फवारा मारतात. मात्र रोगणाखाली पुडीचा रंग बराच फिका पडतो, हे आधीच लक्षात घेऊन ती थोडी अधिक लावावी लागते.

काळा रंग हा या कामातील नेहमीचा सापळा आहे. खरे इंजिन काळे असले तरी छोट्या प्रतिकृतीवर शुद्ध काळा रंग दिला की नळ्या, झडपा आणि कठडे त्यात बुडून जातात. म्हणून काळ्यात राखाडी वा तपकिरी छटा मिसळून तो उजळ करावा लागतो. दुसरे पथ्य यांत्रिक आहे. प्रतिकृती इंजिनाला वीज रुळांमधून चाकांवाटे मिळते. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या भागावर रंग किंवा पूड राहिल्यास इंजिन अडखळते. त्यामुळे बाकीचे इंजिन कितीही मळके केले, तरी तेवढा पट्टा स्वच्छ ठेवावाच लागतो.

सूक्ष्म तपशील

वेदरिंगच्या बरोबरीने तपशिलांची भर घालणे हा या कलेचा दुसरा भाग होय. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या इंजिनांच्या संचांत अनेक भाग ओबडधोबड असत किंवा बॉयलरसोबत एकाच साच्यात ओतलेले असत. ते तासून काढून त्या जागी बारीक तारेचे हातकठडे, वेगळी घंटा, हवेचे पंप, नळ्या, शिड्या आणि दिवे बसवले जात. ॲलन तयार भाग वापरत, त्यांत फेरफार करत आणि कित्येक वस्तू मुळापासून स्वतः घडवत.

यातही दिखाऊपणापेक्षा सुसंगतीला महत्त्व होते. हवेच्या पंपातून निघालेली नळी कोठे तरी जाऊन पोहोचली पाहिजे. दिवा पेटवायला किंवा घंटा दुरुस्त करायला माणसाला पायरी हवी. इंजिन तपशिलाने समृद्ध पण त्यामागील डबे कोरे, असे झाले तर नजर तेथेच अडकते. ॲलन यांच्या रेल्वेत इंजिन, डबा, फलाट, खडक आणि गंजलेला पत्रा हे सारे एकाच हवामानात वाढलेले वाटत, आणि त्यांच्या कामाची छाप प्रामुख्याने या एकसंधपणामुळे पडत असे.

छायाचित्रे आणि लेखन

ॲलन यांची ख्याती मुख्यतः छायाचित्रांमुळे पसरली. ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकातून १९४० च्या दशकापासून त्यांचे लेख व छायाचित्रे प्रसिद्ध होऊ लागली. ‘व्हार्नी’ या प्रतिकृती इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींसाठीही त्यांनी छायाचित्रे काढली. ग्राहकाला या जाहिरातींत इंजिन कोऱ्या कागदावर नव्हे, तर दरीवरच्या पुलावरून जाताना किंवा धुरकट शेडसमोर उभे असलेले दिसे. ज्यांनी माँटेरे कधी पाहिले नव्हते, अशा असंख्य छंदप्रेमींना तळघरातील ही रेल्वे त्यामुळे ओळखीची झाली.

अगदी जवळून काढलेल्या छायाचित्रात पुढची वस्तू स्पष्ट आणि मागची अस्पष्ट झाली की तिचे खेळणेपण उघडे पडते. भिंगाचे छिद्र अतिशय लहान ठेवून आणि प्रकाश दीर्घकाळ आत घेऊन हा दोष टाळता येतो. छायाचित्रण आणि प्रतिकृतीकला ॲलन यांच्याबाबतीत एकमेकांना घडवत गेल्या. कॅमेऱ्याने दाखवलेली उणीव दुरुस्त होत असे आणि दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा कॅमेऱ्यासमोर येत असे.

परिचालन

ॲलन यांची रेल्वे केवळ पाहण्यासाठी नव्हती. मित्रमंडळी जमून तेथे खऱ्या रेल्वेप्रमाणे गाड्या चालवत. कोणता डबा कोठे पोहोचवायचा हे ठरवण्यासाठी डब्यांवर लहान रंगीत खुणा ठेवण्याची पद्धत ॲलन यांनी वापरली. कमी जागेत व मोजक्या रुळांवर डब्यांची अदलाबदल करण्याचे ‘टाइमसेव्हर’ हे कोडेही त्यांनीच तयार केले. त्याची माहिती नोव्हेंबर १९७२ च्या ‘मॉडेल रेलरोडर’मध्ये प्रसिद्ध झाली. हे कोडे आजही जगभर खेळले जाते.

टीका

ॲलन यांच्या शैलीवर आक्षेपही घेतले गेले. त्यांच्या दऱ्या वास्तवाहून अधिक खोल, पूल अधिक उंच आणि जीर्णता अधिक गडद असल्याचे काहींचे मत होते. एखाद्या विशिष्ट रेल्वेची, विशिष्ट वर्षातील तंतोतंत नक्कल करू इच्छिणाऱ्यांना डायनासोर आणि शाब्दिक कोट्या खटकत. नाट्यमय अतिशयोक्ती त्यांच्या कामात होती, हे खरे. तथापि प्रत्येक गंजामागे कारण असावे हा त्यांचा आग्रह वास्तववादी पंथाच्या प्रतिकृतीकारांनीही आपलासा केला.

मृत्यू आणि आग

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ॲलन यांचे निधन झाले. त्यावेळी ते ५९ वर्षांचे होते. रेल्वेचे काही काम अद्याप बाकी होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच घराला आग लागली आणि तळघरातील मांडणीचा बहुतांश भाग जळून गेला. जवळपास दोन दशके एका जागी वाढत गेलेले काम असे नष्ट झाले. ज्या इंजिनांवर ॲलन यांनी खडूच्या पुडीने काजळी चढवली होती, त्यांतील कित्येक खऱ्या काजळीखाली गेली.

वारसा

मांडणी गेली तरी तिची छायाचित्रे आणि ती घडवण्याच्या पद्धती लेखांमधून आधीच सर्वत्र पोहोचल्या होत्या. ‘मॉडेल रेलरोडर’चे माजी संपादक लिन वेस्टकॉट यांनी ॲलन यांच्या जीवनावर व कामावर लिहिलेले पुस्तक १९८१ मध्ये, वेस्टकॉट यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाले. नंतरच्या पिढीतील जॉर्ज सेलिऑस यांच्यासारख्या नामवंत निर्मात्यांवर ॲलन यांचा प्रभाव दिसून येतो.

आज वेदरिंगसाठी तयार रंगपुडी, पातळ रंग आणि हवेच्या दाबाने रंग फवारणारी यंत्रे सहज मिळतात. अनेक कंपन्या तर कारखान्यातच मळकट केलेली इंजिने विकतात. ॲलन यांच्या तरुणपणी जे वस्तू बिघडवणे समजले जाई, ते आता कौशल्याचे लक्षण मानले जाते. प्रतिकृती इंजिनाचे मूल्य त्याच्या झळाळीत नसून ते कोठे राबले आणि किती राबले हे त्याच्या अंगावर वाचता येण्यात आहे, ही जाणीव या छंदात रुजवण्यात ॲलन यांचा मोठा वाटा आहे.