वाणसामान विकता विकता इंजिन : निकोलाउस ऑटो

गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हाच प्रश्न एका इंजिनाला विचारला गेला आणि त्याच्या उत्तराने एका फिरत्या विक्रेत्याचे नशीब पालटले. त्याचे नाव निकोलाउस ऑगुस्ट ऑटो. (आपल्या ऑटोरिक्षातला ऑटो तो हा नव्हे. तो ‘ऑटोमोबाइल’मधला, ‘आपोआप’ या अर्थाचा.)

ऑटोचा जन्म १० जून १८३२ रोजी जर्मनीतल्या होल्त्सहाउझेन या खेड्यात झाला. वडील खानावळ आणि टपाल सांभाळत. मुलगा तान्हा असतानाच ते गेले. पोरगा अभ्यासात हुशार होता, पण शाळा संपल्यावर दुकानातली उमेदवारी नशिबी आली. पुढे चहा, साखर असे वाणसामान घेऊन तो गावोगाव फिरू लागला. यंत्रशास्त्राचे म्हणून शिक्षण त्याने घेतले नव्हते.

१८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारचे गॅस इंजिन निघाले. शहरातल्या दिव्यांचा गॅस नळीने आणायचा, हवेत मिसळायचा, ठिणगीने पेटवायचा, असा तो प्रकार. इंजिन चाले छान, पण गॅस अक्षरशः पीत असे. ऑटोने कोलोनच्या एका कारागिराकडून त्याची नक्कल करवून घेतली आणि विक्रीच्या फेऱ्यांतून उरलेला वेळ व पैसा तिच्यावर घालवला. गॅसऐवजी द्रव इंधन वापरले तर रस्त्यावरची वाहनेही चालतील, हे त्याच्या मनात १८६१ सालीच आले होते. भावासोबत त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. गॅस आधी दाबून मग पेटवावा, अशी कल्पना घेऊन बनवलेले इंजिन तर हादऱ्यांनी लवकरच मोडले. कोलोनच्या ॲना गोसीशी १८५८ पासून ओळख, पण लग्न झाले ते इंजिनाने पैसा दाखवल्यावर, १८६८ साली.

मधल्या काळात भेटला ऑयगेन लांगेन. साखर कारखानदाराचा मुलगा, शिकलेला इंजिनिअर, हाती भांडवल. १८६४ साली दोघांनी कंपनी काढली आणि तीन वर्षांत नवे इंजिन पॅरिसला नेले. यात स्फोटाने दट्ट्या वर उडे, खाली पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने तो खाली येताना चाक फिरवी. दिसायला उंच खांबासारखे आणि आवाज कानठळ्या बसवणारा. शेजारची फ्रेंच इंजिने देखणी आणि शांत. परीक्षकांत लांगेनचा जुना मित्र फ्रान्झ रोलो होता. गॅस किती लागतो तेही मोजा, असा आग्रह त्याने धरला. मोजल्यावर ऑटोच्या इंजिनाला तेवढ्याच कामासाठी लेन्वारच्या निम्म्याहूनही कमी गॅस लागतो असे निघाले. सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

मित्राने मित्राला हात दिला असे कोणी म्हणेल. म्हणू दे, आकडा तर खरा होता! पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधा आणि दीडपट ॲव्हरेज मिळवा, असे सांगणारे आजही भेटतात. आपल्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेल्या मंडळींना अशा क्लृप्त्या तोंडपाठ असतील. तिथे हे मोजमापच नेमके राहून जाते.

१८७६ साली ऑटो आपल्या जुन्या कल्पनेकडे परतला. आत ओढणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे असे चार टप्प्यांचे इंजिन त्याने चालवून दाखवले. लहान, शांत आणि कमी खाणारे. गंमत अशी, की ते कमी का खाते याचे ऑटोने दिलेले कारण चुकीचे होते. सिलिंडरमध्ये गॅस आणि हवेचे थर राहतात, त्यामुळे ज्वलन सावकाश होते आणि म्हणून बचत होते, असे त्याला वाटे. पेटंटातही त्याने त्याच थरांवर भर दिला. खरी बचत होती ती दाबण्यात. पेटण्यापूर्वी मिश्रण जितके अधिक दाबले जाईल, तितके पेटल्यावर ते अधिक प्रसरण पावते आणि त्याच उष्णतेतून अधिक काम मिळते. ऑटोने ते सुमारे अडीचपट दाबले होते. आजच्या पेट्रोल गाडीत ते दहापटीच्या आसपास दाबतात.

हात बरोबर चालला, स्पष्टीकरण चुकले, आणि याची किंमत कोर्टात मोजावी लागली. बो द रोशा या फ्रेंच इंजिनिअरने १८६२ साली एका पुस्तिकेत हेच चार टप्पे लिहून ठेवले होते. त्याने इंजिन कधी बांधले नव्हते, ऑटोने हजारो विकली होती. पण प्रतिस्पर्ध्यांनी ती पुस्तिका शोधून काढली आणि जानेवारी १८८६ मध्ये जर्मनीत ऑटोच्या पेटंटातला मुख्य दावा रद्द झाला. वुर्त्सबुर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिलेल्या या माणसाला तो अपमान फार लागला.

त्याच महिन्यात कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्यात इंजिन चार टप्प्यांचेच होते. ऑटोच्याच कारखान्यात पूर्वी काम केलेले डाइम्लर आणि मायबाखही तोवर आपल्या मोटारीच्या मागे लागले होते. ऑटोने स्वतः मोटार कधी बनवली नाही. कारखान्यांसाठी एका जागी बसवायची इंजिने तो बनवत राहिला आणि २६ जानेवारी १८९१ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, कोलोनमध्ये त्याचे निधन झाले.