महाद्वारासमोरील चोखोबा

पंढरपुरास श्रीविठ्ठलमंदिराच्या महाद्वारीं नामदेवांची पायरी आहे, व तिच्या समोरच एक लहानसें समाधिस्थान आहे. ही समाधि संत चोखामेळा यांची. ती देवळाच्या आंत नसून बाहेर कां, हें समजण्यास त्यांचें चरित्रच पाहिलें पाहिजे.

चोखोबा जातीनें महार. त्यांचें वास्तव्य पंढरीहून सुमारें 15 मैलांवर असलेल्या मंगळवेढ्यास होतें. वेशीची राखण करावी, मेलेलीं गुरें ओढून न्यावीं, आणि त्याबद्दल गांवाचें उष्टें अन्न घ्यावें, असा त्या काळच्या महारकीचा प्रकार होता. आमच्या आजोबांनींही ही गांवकी केलेली असल्यामुळें हें वर्णन आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं. नामदेवांच्या (1270–1350) सहवासांत चोखोबांस भक्तीची गोडी लागली व त्यांनीं नामदेवांस गुरु मानिलें.

ह्या कुटुंबाची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा पति बंका व पुत्र कर्ममेळा, ह्या सर्वांच्या नांवें अभंग उपलब्ध आहेत. ज्या घरास अक्षरओळखीची बंदी, त्या एका घरांतून पांच कवि निघाले! चोखोबांची वाणी नम्र आहे, तर कर्ममेळ्याची कडवट. आपल्याला ह्या जातीस कां घातलेंस, असा जाब तो देवासच विचारतो. सोयराबाईंचा प्रश्न तर त्याहून खोल आहे. देह मुळीं विटाळांतूनच उत्पन्न होतो, मग सोंवळा म्हणून कोणास म्हणावें, असें त्या विचारतात. सातशें वर्षें होत आलीं, तरी ह्याचें उत्तर कोणा शास्त्र्यानें दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

चोखोबांविषयीं चमत्कारकथा पुष्कळ आहेत. देवानें त्यांस आंत नेऊन आपल्या गळ्यांतील हार दिला, बडव्यांनीं चोरीचा आळ घेतला व बैलांस बांधून त्यांस ओढविण्याची शिक्षा दिली; परंतु बैल जागचे हललेच नाहींत, अशी एक कथा आहे. आम्हांस त्यांतील चमत्कारापेक्षां आरोपच अधिक बोलका वाटतो. चोखोबा आंत शिरले, हाच खरा अपराध होता.

शेवट मात्र चमत्कारानें टळला नाहीं. मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम चाललें असतां महारांस त्यावर राबविण्यांत आलें. शके 1260 मध्यें, म्हणजे इ. स. 1338 सालीं, तें कुसूं कोसळलें आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखालीं चिरडले गेले. नामदेव तेथें आले तेव्हां उरला होता तो हाडांचा ढीग. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनि निघाला त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनीं ओळखिल्या, असें परंपरा सांगते. त्या पंढरीस आणून महाद्वारासमोर पुरल्या. जिवंतपणीं जेथवर येण्याची मुभा होती, त्याच्या पुढें मेल्यावरही जातां आलें नाहीं.

पुढें सहाशें वर्षें दार बंदच राहिलें. तें उघडावें म्हणून साने गुरुजींनीं 1947 च्या मे महिन्यांत पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केलें, तेव्हां कोठें अस्पृश्यांस प्रवेश मिळाला. डॉ. आंबेडकरांनीं 1948 सालचा आपला अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयींचा ग्रंथ नंदनार व रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्याही स्मृतीस अर्पण केला. कित्येकांस चोखोबांची नम्रता मुळींच मानवत नाहीं. आमच्या वर्गांतही हा वाद दरवर्षीं निघतो, व तो आम्ही मिटवीत नाहीं.

मंदिर खुलें झालें, तरी समाधि होती तेथेंच राहिली. आंत जाणारा वारकरी प्रथम नामदेवांच्या पायरीस व चोखोबांस वंदन करितो, आणि मग महाद्वाराकडे वळतो.