रोलंड हिल आणि टपालाचा काटा

माटुंग्याच्या बाजारात संध्याकाळच्या टपालाची घाई सुरू झाली, की बिलांनी फुगलेला लखोटा तळहातावर तोलायचा आणि अंदाजाने तिकिटे चिकटवून मोकळे व्हायचे, ही चाल आम्ही अनेक वेळा पाहिली आहे. शेजारी काटा असतो. पण वेलदोड्यांना मिळणारा मान पत्राला मिळत नाही. बाब क्षुल्लक दिसते. तथापि पत्राचा दर वजनावर ठरावा एवढ्यासाठी ज्याने सरकारशी झुंज घेतली, त्या रोलंड हिलचे चरित्र आमच्या व्यापारी बंधूंनी एकवार ध्यानी घ्यावे.

हिलचा जन्म १७९५ साली इंग्लंडात किडरमिन्स्टर येथे झाला. बाप शाळामास्तर, मुलगाही लहान वयातच बापाच्या शाळेत गणित शिकवू लागला. त्या काळी पत्राचा दर अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. लखोटा हाही एक कागदच धरला जाई. आत कागद किती, हे पाहण्यासाठी कारकून पत्र दिव्यासमोर धरीत. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावयाचे. गरिबाला मुलाचे पत्र दारातून परत पाठवावे लागे.

हिलने हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोस पत्र नेण्याचा खरा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग निघाला! मग अंतराचा दर कशासाठी? अर्ध्या औंसाच्या पत्रास सर्वत्र एक पेनी घ्यावी व ती पाठविणाऱ्याने आधीच भरावी, असे त्याने १८३७ साली पुस्तिका काढून सुचविले. टपालखात्याच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला, व्यापाऱ्यांनी पाठिंबा दिला. १० जानेवारी १८४० पासून हा दर सुरू झाला व मे महिन्यात तिकीट निघाले. १८३९ साली सुमारे साडेसात कोटी असलेली पत्रे पुढील वर्षी सुमारे सतरा कोटींवर गेली. परंतु उत्पन्न घटले आणि १८४२ साली सरकारने हिलला नारळ दिला. १८४६ साली तो परत आला, १८५४ साली खात्याचा सेक्रेटरी झाला आणि १८७९ साली निवर्तला.

आमच्याकडे ही सुधारणा १८५४ साली आली. तोपर्यंत कलकत्त्याहून मुंबईस एक तोळ्याच्या पत्रास एक रुपया पडे. तो दर दोन आण्यांवर आला आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर जाऊ लागले. १८७९ साली, हिलच्या मृत्यूच्याच वर्षी, पाव आण्याचे कार्डही निघाले. ही सोय परक्या सत्तेने स्वतःच्या कारभारासाठी आणली असेल. पण देशाने देशाशी बोलावे यासाठी तिचा उपयोग आमच्याच लोकांनी केला. गुण परक्याचा असला तरी घ्यावा, यात कमीपणा नाही.

आता मूळ मुद्दा. अपुरी तिकिटे लावली, तर पत्र नॉटपेड होते आणि तूट दुपटीने घेणाऱ्याच्या माथी बसते, अशी टपालाची जुनी रीत आहे. म्हणजे हिलने जो अन्याय मोडला, तोच आपण आपल्या आळसाने गिऱ्हाइकाच्या दारी पुन्हा उभा करतो! उलट भीतीपोटी जास्त तिकिटे लावणे ही रोजची गळती होय. तोळा गेला, ग्रॅम आले. साध्या पत्राचा टप्पा २० ग्रॅमांचा झाला. लखोटा, आतील कागद, टाचणी, सर्व मिळून एकदा काट्यावर ठेवावे आणि टप्पा ओलांडला असेल, तर पुढच्या टप्प्याचे पैसे भरावेत. माल तोलताना जो प्रामाणिकपणा आपण मिरवितो, तो पत्र तोलतानाही दिसावा, एवढेच आमचे सांगणे आहे.