बाबासाहेबांची विषयनिवड

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांतील मुलांना पाठ असते. परंतु त्या पदव्यांच्या मागे त्यांनी कोणते विषय निवडले आणि कोणता विषय त्यांना निवडू दिला गेला नाही, हा इतिहास तितकासा सांगितला जात नाही. दहावी-बारावीनंतर महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो मोलाचा आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची विषयनिवड सुरू झाली ती नकाराने. मुंबईत हायस्कुलात शिकताना त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य मुलाला ती भाषा शिकवण्यास नकार मिळाला आणि नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव बी.ए. झाले. लादलेल्या विषयाचाही त्यांनी मन लावून अभ्यास केला; मात्र हुकलेला विषय ते विसरले नाहीत.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झालेला होता. एम.ए.साठी ठरलेले मोजके विषय पुरे करून उरलेला वेळ सुखात घालवणे अशक्य नव्हते. या तरुणाने वेगळा मार्ग धरला. विद्यापीठातील त्यांच्या नोंदीनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक, असे एकंदर साठ अभ्यासक्रम घेतले.

वरवर पाहता ही यादी विखुरलेली वाटेल. प्रत्यक्षात तिला एक मध्य आहे. साठांपैकी जवळजवळ निम्मे अभ्यासक्रम अर्थशास्त्राचे आहेत. प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक वित्तव्यवहाराची शिस्तशीर बैठक त्यांनी तेथेच मिळवली. बाकीचे विषय या मध्याभोवती उभे राहिले. समाज कसा घडतो, रूढी कशा टिकतात, सत्ता कोणाच्या हाती राहते, या प्रश्नांची उत्तरे एकट्या अर्थशास्त्रात मिळणारी नव्हती. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाचा ठसा तर त्यांच्या लोकशाहीविषयक विचारांवर जन्मभर राहिला.

या निवडीचे फळ लवकरच दिसले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याची प्रथा हेच जातिव्यवस्थेचे मूळ लक्षण आहे, अशी मांडणी त्यात होती. अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत जिव्हाळ्याच्या प्रश्नावरचा हा निबंध मुख्य विषयाच्या नव्हे, तर जोडीला घेतलेल्या विषयाच्या वर्गात सादर केला. मुख्य विषयही मागे पडला नाही. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्राथमिक जर्मन शिकलेल्या या विद्यार्थ्याने १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते.

आणि संस्कृत? ते त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले. शूद्र मूळचे कोण होते, याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी वेद, ब्राह्मणे आणि महाभारतातील पुरावे तपासले आहेत. ज्या भाषेचे दार बालपणी बंद झाले, तिच्यातील ग्रंथांची त्यांनी प्रौढपणी उलटतपासणी केली. पालीचाही त्यांनी व्यासंग केला आणि तिच्या कोशासाठी परिश्रम घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेणारे बाबासाहेब या दीर्घ अभ्यासातून तेथवर आले होते.

आज माजिवड्याच्या निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपुढे प्रवेशअर्ज येतो, तेव्हा त्यात मुख्य विषयासोबत इतर शाखांतील विषयही निवडायचे असतात. कोणत्या विषयात गुण सहज मिळतात, कोणत्या तासाला हजेरी घेत नाहीत, मित्राने काय घेतले, अशी चौकशी तेव्हा सुरू होते. पोटापाण्याची चिंता खरी आहे आणि पालकांनी ती करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या समाजाला एकेकाळी विषय निवडण्याचाच अधिकार नव्हता, त्या समाजाच्या मुलांनी तो अधिकार निष्काळजीपणे वापरू नये. एक विषय पक्का धरावा, त्यात खोल जावे. आणि जोडीचे विषय आपल्याला छळणाऱ्या प्रश्नाकडे पाहून घ्यावेत. अर्ज भरण्यापूर्वी तो प्रश्न कोणता, हे मुलांनी आईवडिलांजवळ बसून एकदा शांतपणे ठरवावे.